जागच्या जागी

१

"एकदा चाचपून झालं ना, का तिला पन सवय व्हईल. तवर कोनी काय बोलू नका."

हे वाक्य प्रणितासाठी नव्हतं. ती मागच्या दारात वाळलेले कपडे छातीशी धरून उभी होती आणि आत स्वयंपाकघरात तिची सासू हौसाबाई भिजवलेले वाल सोलता सोलता आपल्या मुलीला, ऋतुजाला, हे सांगत होती. ऋतुजा नुसतं "हं" म्हणाली. सालं ताटलीत पडत राहिली.

प्रणिताच्या अंगाची हळद अजून पुरती उतरली नव्हती. चाचपायला तर शेजारच्या बायका रोजच येत होत्या. कुणी मंगळसूत्राच्या वाट्या उलट्या करून बघे, कुणी साडीचा काठ बोटांत चोळून बघे, एकीने तर दंड दाबून "हाडं बारीक हायेत गो" असा निकालही दिला होता. त्यातलीच एखादी मानाची आत्याबाई यायची राहिली असेल, असं धरून प्रणिता कपडे घेऊन आत गेली आणि ऐकलंच नाही अशा चेहऱ्याने घड्या घालू लागली. असा चेहरा करणं तिला माहेरापासून जमत होतं.

घर रोह्याच्या अलीकडचं. स्लॅबचं, नवी फरशी, फ्रिज, टीव्ही, पुढे अंगण. सासरे जगन भात आणि वाल लावत. नवरा निकेश धाटावला कंपनीत शिफ्टला जाई. माणसं गरीब स्वभावाची, कमी बोलणारी. प्रणिताही कमी बोलणारी, त्यामुळे जेवताना कधीकधी फक्त पापड बोलत.

एकच होतं. या घरात काही हलवायचं नाही.

मधल्या खोलीत एक लाकडी स्टूल होतं. पहिल्याच आठवड्यात तिने जाळी काढायला ते भिंतीपासून ओढलं, आणि वळून बघते तर सासूने ते परत नेऊन ठेवलेलं. भांड्यांचे कान सगळे एका बाजूला. चपला कोपऱ्यात भिंतीला लावून, उंबऱ्याजवळ एकही नाही. खाटेवर बसायच्या आधी घरातला प्रत्येक माणूस हाताने खाट झटकल्यासारखं करी, तेही हळू, जणू तिथे आधीच कुणी बसलं असेल तर त्याला लागू नये. आणि मधल्या खोलीपासून मोरीपर्यंत भिंतीला कमरेइतक्या उंचीवर लोखंडी पाईप ठोकलेला.

"पाईप कशाला?" तिने निकेशला विचारलं होतं.

"भिंतीला कोन आपटू नये म्हणून."

"कोण आपटणार?"

निकेशने बिरड्याचा वाडगा पुढे केला. "वाढ ना आजून."

दुपारी त्या पाईपातून आवाज येई. कुणी तळहात टेकवून चालावं तसा घसटत जाणारा, आणि जोडावर आला की बारीक अडखळणारा. निकेश म्हणाला, उन्हानं लोखंड फुगतं. कंपनीतले पाईपही फुगतात. प्रणिताला ते पटलं. तिला पटवून घ्यायचं होतं.

खोलीत शिरताना इथली माणसं म्हणत, "मी हाय." तिला वाटे, नव्या सुनेची अदब राखतात. मग एकदा तिने सासूला रिकाम्या खोलीत शिरताना तेच म्हणताना ऐकलं.

पण नवऱ्याची माया होती. रात्रपाळीवरून कधीतरी तो येई आणि ती झोपेत असताना तिच्या तोंडावरून हात फिरवी. कपाळ, नाक, हनुवटी. अगदी सावकाश. एकदा सकाळी ती लाजत म्हणाली होती, "हात किती गार होता तुमचा." निकेशने कप खाली ठेवला. "कंपनीत एसी हाय," तो म्हणाला, आणि चहा तसाच सोडून अंगणात गेला.

२

"वहिनी, तुझ्याकडं येक काम हाय. पन आधी शप्पत घे, हसनार नायस."

"हसण्यासारखं असलं तर?"

"तर आत जाऊन हस."

ऋतुजा रोह्याला कॉलेजात होती. घरात एवढी एकच तोंडाची. तिने ओढणीखालून एक बारकं पुस्तक काढलं, मोठे कागद दुमडून केलेलं, मध्ये दोन स्टेपल मारलेलं.

"कॉमिक हाय. मिनी कॉमिक. मीच लिवलं, मीच काढलं, मीच झेरॉक्स मारून टाचलं."

"मग वाचायचंही तूच ठेवायचं होतंस."

"बघ! म्हनून तुलाच देते. दादा न उघडता 'भारी' बोलतो. आई तर हातच लावत नाय." ऋतुजा खाटेच्या कडेला टेकली, टेकण्याआधी हात फिरवून. "ही गेल्या साली काढलेली प्रत. आता मुंबईला सोताचं छापनाऱ्यांची जत्रा भरतेय, तिथं मला टेबल भेटलंय. पुन्हा छापायच्या आधी कुनीतरी नीट बघायला पायजे. चित्र कशी हायेत, गोष्ट कळते का. तू पेनची. तुझा हात बसलेला."

हात बसलेला होता खरा. पेणमध्ये प्रणिताच्या काकांचा गणपतींचा कारखाना. मूर्ती घडते, वाळते, रंगते, आणि सगळ्यात शेवटी डोळे काढतात. त्याला आखणी म्हणतात. प्रणिता शाळेत असल्यापासून आखणी करत होती. लग्न ठरल्यावर काका रडले ते पुतणी चालली म्हणून की आखणीवाली चालली म्हणून, हे तिला अजून नक्की कळलेलं नव्हतं.

"मूळ पानं पन ठेवते," ऋतुजाने प्लास्टिकची फाईल पुढे केली. "जे खटकंल ते त्याच्यावरच दाखव. खरं खरं हां. मला कौतिक नको."

तिचा आवाज हलका होता, पण फाईल सोडताना बोटं जरा उशिरा सुटली. या पोरीने एवढ्या घरात एवढी एकच वस्तू स्वतःची केली होती. प्रणिताला ते दिसलं, आणि आपण हे काम नीट करायचं असं तिने ठरवलं.

३

दुसऱ्या दिवशी दुपारी सगळं आवरून ती मधल्या खोलीत बसली. आधी टाचलेली प्रत. मुखपृष्ठावर एक स्टूल, आणि वर नाव: 'जागच्या जागी'.

गोष्ट म्हटली तर एवढीशी. एक मुलगी शाळेतून घरी येते. घरात आई आहे, बाप आहे. मुलगी गंमत म्हणून स्टूल सरकवते. पान उलटावं तर पुढचं अख्खं पान काळं. त्यापुढच्या पानावर स्टूल जागच्या जागी, आणि आई मुलीच्या कानाशी काही सांगते आहे. बोलण्याचा फुगा आहे, फुग्यात अक्षर नाही. संपलं.

प्रणिताने कागद घेऊन टिपायला सुरुवात केली. काळा रंग पोरीला कळतो. कुठे भरायचा आणि, त्याहून अवघड, कुठे थांबायचं. हात मात्र काढता येत नाहीत, म्हणून सगळी माणसं खिशात हात घालून उभी. बाप तर नुसत्या टॉवेलवर आहे आणि तरीही त्याचे हात खिशात आहेत. चौथ्या पानावर फुग्यांची जागा चुकलीय, उत्तर आधी वाचलं जातं आणि प्रश्न मागून येतो. पाचवं पान मात्र लाखात एक. त्यात काहीच घडत नाही, फक्त चौकटीमागून चौकट पंख्याची सावली भिंतीवर सरकते, आणि तरी ते पान सोडवत नाही. शेवटचा रिकामा फुगा तिला आधी आळस वाटला. पुन्हा वाचल्यावर वाटला नाही. पण मुलगी स्टूल सरकवते तेव्हा तिला मजा वाटतेय की भीती, ते कळत नाही, आणि सगळी गोष्ट तर त्यावरच उभी आहे.

आणि घरातल्या प्रत्येक चौकटीत, मागे, पाईपाशी, कुणीतरी एक उभं होतं.

बाई की बुवा ते सांगता येईना. अंगावर काहीतरी लांब. केस, कपाळ, नाक, मिटलेले ओठ, सगळं निगुतीने काढलेलं. एक हात पाईपावर. अख्ख्या पुस्तकात नीट जमलेला हात तो एवढाच. बोटांची पेरं, नखं, मनगटाचं हाड, सगळं जिथल्या तिथे, जणू हा हात तिने फार जवळून पाहिला होता. डोळ्यांच्या जागी कोरा कागद.

दुसऱ्या कुणी इथे पुस्तक मिटलं असतं. पण प्रणिताच्या काकांच्या कारखान्यात फळ्यांवर रांगेने असेच चेहरे बसलेले असत. नाक आहे, ओठ आहेत, डोळे यायचेत. त्यांच्यात बसून तिने डबे खाल्ले होते, पाढे पाठ केले होते, एकदा तर तापात झोपूनही गेली होती. कोऱ्या चेहऱ्याला ती कधी घाबरली नव्हती. हातच शिवशिवले होते.

झेरॉक्समध्ये रेघा उडाल्या असतील, म्हणून तिने मूळ पानं काढली. तिथेही कोरं. म्हणजे पोरीला हात जसे जमत नाहीत तसे हेही जमले नसतील. मुलीचे आणि आईचे डोळे नुसते ठिपके होते, त्यावरूनही तसंच वाटत होतं.

माहेरच्या ट्रंकेत तिचा बारीक ब्रश होता, शाईची बाटली होती. 'खटकंल ते त्याच्यावरच दाखव' असं ऋतुजाच म्हणाली होती.

करंगळी कागदाला टेकवायची. श्वास धरायचा. आधी वरची पापणी, मग खालची, मग बुबुळ, आणि बाहेरच्या कोपऱ्याला वर उचललेला एक बारीक फराटा. तो फराटा तिच्या बाबांचा, म्हणजे केरू मास्तरांचा. पेणमध्ये कुणाची आखणी आहे ते जाणकाराला रस्त्यावरून कळतं, आणि केरू मास्तरांच्या घरची आखणी त्या फराट्यावरून.

डोळा नुसता काढून भागत नाही. तो कुणाकडे बघतो ते ठरवावं लागतं. चौकटीत समोर होती ती मुलगीच. मग पानामागून पान, चौकटीमागून चौकट, प्रणिताने ती नजर मुलीवर नेऊन ठेवली.

आणि गोष्ट एकदम उभी राहिली. मुलगी दारातून येते, तिच्याकडे बघितलं जातंय. स्टूल सरकवते, बघितलं जातंय. आता भीती शोधावी लागत नव्हती. प्रणिताने शेवटची शाई वाळवायला पान हवेत धरलं, आणि कितीतरी दिवसांनी तिला आपण कुणाची तरी सून नसून कुणीतरी आहोत असं वाटलं.

पान खाली घेताना तिच्या लक्षात आलं की आज पाईपातून आवाज येत होता, आणि तो मध्येच थांबला होता. जोडावर नाही. दोन जोडांच्या मध्ये.

४

संध्याकाळी तिने फाईल ऋतुजाच्या दप्तरात सरकवली. "सगळं आत लिहिलंय. हात शीक. फुगे बदल. बाकी तुला गोष्ट सांगता येते."

"खरंच?" ऋतुजाने तिला मिठीच मारली. "उद्या लेक्चर झालं का तशीच झेरॉक्सवाल्याकडं जाते."

रात्रीचं जेवण चाललं होतं. निकेश दुसऱ्या शिफ्टला. जगन भात कालवत होते, आणि कालवता कालवता थांबले. हौसाबाईंनीही डाव पातेल्यातच धरला. प्रणिताला कळेना काय झालं, कारण काहीच झालं नव्हतं. मग तिला उमगलं की दोघं ऐकतायत, आणि जे ऐकायचं ते येत नाहीये.

"पाईपावरनं आवाज नाय आला," जगन म्हणाले.

"जेवा," हौसाबाई म्हणाल्या.

तेव्हा मधल्या खोलीतून पावलं आली. अनवाणी. ओला पाय फरशीला चिकटतो आणि सुटतो, तशी. भिंतीकडेने नाही, खोलीच्या मधून, सरळ, न अडखळता. दारापाशी थांबली. ऋतुजाच्या पाठीमागचं दार ते.

मांजर असेल, प्रणिताने स्वतःला सांगितलं. मांजराचे पाय ओले होऊ शकतात. मांजराचे पाय एवढे जड पडत नाहीत, हे तिने स्वतःला सांगितलं नाही.

सकाळी स्टूल खिडकीखाली होतं. फळीवरच्या भांड्यांचे कान कसेही वळलेले, जणू कुणी एकेक उचलून, न्याहाळून, ठेवून दिलं होतं. हौसाबाईंनी विचारलं, "तू हलवलंस गो?" प्रणिताने नाही म्हटलं. हौसाबाईंनी खरं मानलं, याचं तिला जास्त वाईट वाटलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

ऋतुजा एसटीने गेली. जगन शेतावर. दुपारी प्रणिता उंबऱ्याशी तांदूळ निवडत बसली होती आणि सासू पाण्याची कळशी घेऊन मधल्या खोलीत शिरली.

"मी हाय," हौसाबाई सवयीने म्हणाल्या.

आणि पुढचं पाऊल टाकलं नाही. कळशी एका हातात तशीच ठेवून त्यांनी दुसऱ्या हाताने डोईवरचा पदर ओढून तोंडावर घेतला. मोठा परका माणूस अचानक समोर आला आणि टक लावून बघू लागला तर बाई घेते, तसा. मग त्या पाठ न वळवता, एकेक पाऊल मागे घेत बाहेर आल्या.

प्रणिताने आत बघितलं. खाट, टीव्ही, स्टूल, पाईप. रिकामी खोली.

"काय झालं, आई?"

हौसाबाईंनी पदर न काढता कळशी खाली ठेवली. "काय नाय. ऊन लागलं."

आणि त्या रिकाम्या खोलीकडे बघता बघता प्रणिताला सगळं घर एकदम कळलं. स्टूल, चपला, कान एका बाजूला वळलेली भांडी, भिंतीचा पाईप, 'मी हाय'. हे टापटिपीचं घर नव्हतं. ज्याला दिसत नाही अशा कुणासाठी हे घर लावून ठेवलेलं होतं.

घरात तर सगळ्यांना दिसत होतं.

५

ऋतुजा वेळेआधी परतली. रिक्षा करून. अंगणात चप्पल काढली, आत आली, दारातून मधल्या खोलीत पाऊल टाकलं आणि खाटेवर बसली. हात न फिरवता. फाईल मांडीवर.

"झेरॉक्सच्या काचेवर पान ठेवलं तवा बघितलं," ती म्हणाली. चेहरा समोर पाईपाच्या कोपऱ्याकडे. "वहिनी, तूच काढलेस ना?"

"राहिले होते म्हणून..."

"राहिले नव्हते. तसंच हाय ते."

ती ओरडली असती तर प्रणिता रडली तरी असती. पण ऋतुजा अगदी सपाट बोलत होती, ओठही फार न हलवता.

"लहान होते तवापासून. झोपलं का येतं, तोंडावरनं हात फिरवतं. कपाळ, नाक, हनुवटी. कुनाला तरी शोधतं. सापडत नाय, मग जातं. आई बोलायची, सापडत नाय तवर आपलं बरं चाललंय. मी त्याच्यावर कॉमिक काढलं. म्हटलं, कागदावर गेलं तर माझ्या डोक्यातनं तरी जाईल." तिने फाईलची कडा मुठीत धरली. "तुझ्या पन फिरवला आसंल. आल्या आल्या."

प्रणिताने आपल्या हनुवटीला हात लावला. कंपनीत एसी हाय. निकेशने तो कप खाली ठेवला होता, ते तिला आता पुन्हा दिसलं.

"तू आधी बाहेर चल," ती म्हणाली.

"पाठ कशी फिरवू? बघतंय ते माझ्याकडं. दारात पाय टाकल्यापासून. मी बघत राहते तवर तिथंच हाय. मान जरा हलली का सरकतं."

हौसाबाई दारात येऊन उभ्या होत्या. पाठोपाठ जगन, शेतातून तसेच, पायाला चिखल. कुणी बोलावलं होतं देव जाणे. हौसाबाईंनी मुलीच्या मांडीवरून फाईल उचलली, पहिलंच पान बघितलं आणि भिंत धरली.

"पेनवाल्यांच्या पोरीला कुठं कोरं दिसलं का हात शिवशिवले! विचारायचं तरी होतंस गो! येवढी वर्सं आमी कशी काढली..."

"तुम्ही तरी सांगायचं होतंत, आई," प्रणिता म्हणाली. पण इतक्या हळू की ते तिचं तिलाच ऐकू गेलं.

"सापडलं तर काय करतं?" हे तिने मोठ्याने विचारलं.

हौसाबाईंच्या तोंडून आवाज निघाला तो कोरडा होता.

"मला पन येक नणंद होती."

एवढंच. ती जगनची बहीण. त्यांनी झटक्यात पान घेतलं आणि अंगठ्याच्या नखाने पहिल्या चौकटीतले डोळे खरवडायला लागले. कागदाचा भुसा निघाला. मधल्या खोलीत स्टूल फरशीवर घासलं. आपणहून. एवढंसं.

"बाबा, नको," ऋतुजा म्हणाली. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ती पापणी लववत नव्हती. "जवळ आलं."

जगनचा हात तिथेच राहिला.

६

एका वर्षी कारखान्यात एक गिऱ्हाईक मूर्ती परत घेऊन आलं होतं. देव दाराकडे बघतोय, म्हणे, घरात लक्ष्मी टिकणार नाही. काकांनी पॉलिश कागद काढला, तर बाबा खेकसले होते, "डोळा खरवडतोस? आंधळा करून देतोस का त्याला?" मग त्यांनी बुबुळाच्या एका बाजूला केसाइतका पांढरा दिला आणि दुसऱ्या बाजूला केसाइतका काळा. देवाने दार सोडून गिऱ्हाइकाकडे बघितलं. गिऱ्हाइकाने हात जोडले. प्रणिता तेव्हा खाली बसून ब्रश धूत होती.

तिने सासऱ्यांच्या हातातून पान काढून घेतलं. विचारलं नाही. तिथेच ऋतुजाच्या खाटेपाशी फरशीवर मांडी घातली, सगळी पानं पुढ्यात मांडली, ट्रंकेतून ब्रश आणि शाई आणली. ऋतुजाच्या दप्तरात व्हाइटनर होतं.

"काय करतेस?" हौसाबाई.

प्रणिताने करंगळी कागदाला टेकवली. श्वास धरला की बोलता येत नाही.

पहिली चौकट, खरवडलेली, सगळ्यात अवघड. तिथे कागदच उरला नव्हता. तिने भुशावरच पांढरा बसवला. डाव्या बाजूला पांढरा, उजवीकडे काळा. नजर मुलीवरून उचलली. आता ती ठेवायची कुठे? चौकटीत आई होती, बाप होता. ते दोघे दारात उभे होते, हाडामांसाचे, एकमेकांच्या दंडाला धरून. रिकाम्या भिंतीकडे नजर वळवता आली तर बरं झालं असतं. तिने प्रयत्न केला. भिंतीकडे बघणारे डोळे कागदावर मेलेले दिसले, आणि ऋतुजा कण्हली, "सरकलं."

डोळ्याला बघायला कुणीतरी लागतं. कारखान्यातली सगळ्यात लहान पोरही हे सांगेल.

मग एकच जागा राहिली. कागदाबाहेर. कागद ज्याच्या पुढ्यात आहे, तिथे.

तिने बुबुळ मधोमध घेतलं. समोर. ब्रश उचलला तेव्हा त्या चौकटीतून कुणीतरी नेमकं तिच्या भिवयांच्या मध्ये बघत होतं. पुढची चौकट. पुढची. पान बदललं. पंख्याच्या सावलीचं ते लाखातलं पान आलं, तिथेही ते भिंतीशी उभं, तिथेही बुबुळ मधोमध. बाहेर कुणाच्या तरी मोटारसायकलचा आवाज येऊन गेला. दिवे लावायची वेळ झाली होती. कुणी उठलं नाही. मावळतीचा उजेड फरशीवरून मागे सरत होता आणि तिचा हात कारखान्यात चाले तसाच चालत होता. याचंच तिला नवल वाटत होतं, की हाताला काहीच माहीत नाही.

मधल्या खोलीत फरशीवर पावलं वाजू लागली. ओली, जड. ऋतुजाकडे नाही. तिच्याजवळून, दाराकडे.

"वहिनी," ऋतुजा म्हणाली. "वहिनी, ते वळलं."

शेवटची चौकट. आई मुलीच्या कानाशी, रिकामा फुगा, आणि मागे ते. पांढरा. काळा. कोपऱ्याचा फराटा शाईत बुडाला होता तो तिने पुन्हा उचलला, कारण तो नसता तर ते तिचं काम झालं नसतं.

ब्रश खाली ठेवून तिने मान वर केली.

हौसाबाई आणि जगन तिच्याकडे तोंड करून दारात उभे होते. त्यांच्या मागे ओटीवर अंधार धरला होता. आणि त्या अंधारात, हौसाबाईंच्या खांद्याच्या वर, फार उंच नाही, फार लांबही नाही, दोन डोळे. बाकी काही तिला दिसलं नाही, किंवा दिसलं असेल तर ते तिने नंतर कधी स्वतःला दिसू दिलं नाही. डोळे मात्र ओळखीचे होते. वरची पापणी जाड, खालची बारीक, बाहेरच्या कोपऱ्याला वर उचललेला फराटा. शाई अजून ओली होती. नजर चोख बसली होती.

ते तिला बघत होते आणि हळूहळू, शोधणाऱ्या माणसाचा चेहरा सापडल्यावर निवतो तसे, निवत होते.

या घरात आल्यापासून तिचा आवाज कधी ओटीपर्यंत गेला नव्हता. तो आता गेला.

"ऋतुजा, मान हलव. आई, तिला पाणी द्या. आणि बाबा, तुम्ही दोघं मागं वळू नका. ते माझ्याकडं बघतंय."